जिराफाचे दोन सेंटिमीटर

१

गुरुवारी संध्याकाळी साडेसात वाजता वली परकारचा मुलगा रुहान अर्ध्या सेंटिमीटरनं आखूड झाल्याचं निष्पन्न झालं, आणि घरातल्या सगळ्यांना अतिशय आनंद झाला.

जानेवारीत तो एकशे नऊ भरला होता. एप्रिल संपता संपता एकशे साडेआठ भरला. साडेपाच वर्षांचं पोर वाढायचं सोडून आटतंय म्हटल्यावर दुसऱ्या कुठल्याही घरानं डॉक्टरकडे धाव घेतली असती. इथं अल्बर्ट लोपीसनं "खलास, एकशे दहाच्या आत," असं म्हणून लॅपटॉप उघडला आणि आठच्या ठोक्याला सिंगापूर बुक करून टाकलं.

घर अबुधाबीच्या मोहम्मद बिन झायद सिटीत. एका विलाचा वरचा मजला, त्यात दोन कुटुंबं: रत्नागिरीचे परकार आणि वसईचे लोपीस. मधे प्लायवूडची भिंत, भिंतीत प्लायवूडचं दार, दारापलीकडे दोघांचं मिळून एक स्वयंपाकघर. दार आधीच्या भाडेकरूनं घरीच ठोकून बनवलेलं असल्यामुळे वरच्या चौकटीशी चार बोटांची फट होती आणि खालून ते फरशीला घासायचं. या दारावर प्लास्टिकचा एक जिराफ चिकटवला होता. त्याच्या मानेवर सेंटिमीटरचे आकडे होते, आणि सहा माणसांची सहल त्या मानेला लटकलेली होती.

घरापासून गाडीनं वीस मिनिटांवर, यास बेटावर, जगभरची माणसं विमानं करून पाळण्यात बसायला येतात. पण ते पाळणे जवळचे. जवळच्या पाळण्याचा फोटो वसईला आणि रत्नागिरीला धाडून कोण जळणार? म्हणून अल्बर्टनं सात महिने खपून परदेशातल्या पाळण्यांची स्वस्त सहल आखली होती. तो एका कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर होता. ऑफिसात त्याच्या प्लॅनिंगकडे कुणी ढुंकून बघत नसे, त्यामुळे सगळी हौस घरावर निघे. त्याच्या एक्सेल शीटला चौदा पानं होती. कोलंबोत नऊ तासांचा मुक्काम, हॉटेलात अंडी उकडायला घरची केटल, नाश्त्याच्या बुफेतून दुपारचं जेवण उचलायला झाकणाचे तीन डबे, सगळं त्यात नोंदलेलं होतं.

पॅकेज पाच डोक्यांचं. डोक्यामागे एकोणीसशे दिरहम, म्हणजे पंचेचाळीस हजार रुपये, असं अल्बर्ट दर वेळी मोठ्यानं म्हणे. सहावं डोकं मोजलं गेलं की दुसरी खोली, मोठी गाडी, आणि सगळं गणित आडवं. मात्र एकशे दहा सेंटिमीटरच्या आतलं मूल डोक्यात धरत नसत. ते फुकट. अल्बर्ट, त्याची बायको मॉली, वली, त्याची बायको सुमैय्या, ही चार डोकी. पाचवी जागा रुहाननं अडवली नाही तर रत्नागिरीहून मुलाकडे राहायला आलेल्या वलीच्या आईला, मैमुनाबीला, मिळणार होती.

सोफ्यावर बसून हे सगळं बघत होते मॉलीचे वडील, क्रिस्टोफर डाबरे. वय एकाहत्तर. दुबईच्या एका हॉटेलात हरवल्या-सापडल्या वस्तूंची खोली त्यांनी एकतीस वर्षं सांभाळली होती. माणूस पलंगाखाली काय टाकून जातो आणि मग कुठल्या तोंडानं मागायला येतो, हे इतकं बघितल्यावर मनुष्यजातीविषयी आदर उरणं कठीण असतं, आणि डाबऱ्यांचा उरलेला नव्हता. सहलीत त्यांना कुणी धरलेलं नव्हतं. विचारलंही नव्हतं.

त्यांना मात्र सध्या कसली तक्रार नव्हती. ते याच सोफ्यावर झोपत, आणि मागच्या मागच्या रविवारी चर्चमध्ये कन्फेशन केल्यापासून त्यांना सकाळी सातपर्यंत गाढ झोप लागत होती. आयुष्यात प्रथमच देवाचा काहीतरी उपयोग झाला, असं त्यांचं मत होतं.

ते मत दुसऱ्या दिवशी दुपारी बदलावं लागलं.

२

शुक्रवारी शाळा अर्धा दिवस. रुहान बाराला घरी आला तो दप्तरातलं कार्ड फडकवतच. शाळेच्या नर्सनं सगळ्या वर्गाची उंची मोजली होती.

"वन-टेन पॉइंट फाइव्ह," तो म्हणाला. "नाऊ आय कॅन गो ऑन द ड्रॅगन."

सिंगापूरच्या पाळण्यांच्या पार्कात ड्रॅगन नावाचा पाळणा होता आणि त्यात बसायला एकशे दहा लागत. म्हणजे ज्या रेघेच्या खाली राहण्यासाठी मोठी माणसं धडपडत होती, त्याच रेघेच्या वर जाण्यासाठी पोरगा जानेवारीपासून दाराच्या चौकटीला लोंबकळत होता.

त्याला परत जिराफापुढे उभं केलं. एकशे साडेआठ. मॉलीनं शिवणाच्या डब्यातली टेप आणली आणि फरशीपासून मोजलं. एकशे साडेदहा. जिराफ खोटं बोलत होता, आणि जिराफ आपल्या मनानं खोटं बोलत नाहीत.

जुम्म्याची नमाज आटोपून वली आला. मुसफ्फाहमध्ये एका क्रेनच्या वर्कशॉपमध्ये तो स्टोअरकीपर होता. शांत, गुळगुळीत माणूस, बायकोपुढे हो म्हणायचा आणि आईपुढेही हो म्हणायचा. त्यानं कार्ड बघितलं, टेप बघितली, आतल्या खोलीच्या बंद दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"अम्माचंच काम असणार," तो म्हणाला. "रुहान फुकटात बसला तरच तिची सीट. आणखी कुणाला काय पडलंय?"

बाकीच्यांनी माना हलवल्या. हा निष्कर्ष सगळ्यांच्या सोयीचा होता. अल्बर्टनं सांगितलं की चोवीस तासांच्या आत एक नाव फुकट रद्द करता येतं, म्हणजे रात्री आठपर्यंत. मैमुनाबीच्या जागी रुहानचं नाव घालायचं. तिला सांगायचं की व्हिसाचा प्रॉब्लेम झाला, आणि रविवारच्या विमानानं रत्नागिरीला पाठवायचं. म्हातारीला विमान आणि व्हिसा यातलं काय कळतंय, असं सुमैय्या म्हणाली, आणि यावरही कुणाचा मतभेद नव्हता.

मग अल्बर्ट सासऱ्याकडे वळला. "पप्पा, तुम्ही तर चोवीस तास इथंच पडलेले असता. तुम्हाला काही दिसलं नाही?"

डाबऱ्यांना पडलेले हा शब्द झोंबला. त्यांनी उशीखालची जुनी नोंदवही काढली, चष्मा लावला आणि म्हणाले, "आठ वाजेपर्यंत कुणी त्या लॅपटॉपला हात लावायचा नाही. मला प्रत्येकाशी एकेकट्यानं बोलायचंय. सुरुवात जिराफापासून."

३

जिराफाची साक्ष पहिल्या फटक्यात सरळ निघाली. त्याच्या चारी कडांवर तेलाच्या वाफेचा पिवळा थर होता, सलग, कुठे तडा नाही. जानेवारीची पेन्सिलची रेघ एकशे नऊवर जशीच्या तशी. त्याला कुणी सोलून वर चिकटवलेला नव्हता. तो होता तिथंच होता, आणि तरी दोन सेंटिमीटर चुकत होता.

अल्बर्टला त्यांनी बाल्कनीत घेतलं. पाच मिनिटं तो प्रोसेस, टाइमलाइन आणि टार्गेट यांविषयी बोलला. सहाव्या मिनिटाला कबूल झाला की फेब्रुवारीपासून त्यानं रुहानचं दूध बंद करायला लावलं होतं, कारण त्याच्या फोरकास्टप्रमाणे पोरगा वेळेआधी पोचत होता. आणि गुरुवारी मोजताना गुडघे जरा सैल सोडण्याबद्दल त्याला एक चॉकलेट दिलं होतं.

"पण ती फक्त अर्ध्या सेंटिमीटरची ॲडजस्टमेंट होती, पप्पा. सगळेच करतात."

"आणि त्यानं सोडले गुडघे?"

"चॉकलेट घेतलं आणि ताठ उभा राहिला," अल्बर्ट खिन्नपणे म्हणाला. आजकालच्या मुलांवर विश्वास राहिलेला नाही, असा एकंदर सूर होता.

सुमैय्यानं आधी अल्लाची शपथ घेतली, मग चहा घेतला, मग सांगितलं की गुरुवारी दुपारी तिनं रुहानच्या डोक्यावर झिरोचं मशीन फिरवलं होतं. गर्मी वाढली म्हणून. केसांचा अर्धा सेंटिमीटर जातो हे तिला मागाहून सुचलं, म्हणे. सासूबाई याव्यात असं तिला मनापासून वाटत होतं. सगळे पाळण्यात बसल्यावर बॅगा घेऊन बाकावर बसायला कुणीतरी लागतंच. मात्र दोन सेंटिमीटर हा गुन्हा आहे, अर्धा नाही, यावर ती ठाम होती.

मॉलीनं तर डाबऱ्यांकडे बघायचंच टाळलं. मोजताना पोराच्या डोक्यावर ठेवायचं पुस्तक तिच्या हातात होतं. ते तिनं पुढच्या बाजूला थोडं झुकवलं होतं.

"थोडं म्हणजे किती?"

"पप्पा, आता माझ्यावर पण डाउट घेणार?" ती उसळली, आणि विषय बदलायला म्हणून दाराची कडी लावून दाखवू लागली. ती गेले काही दिवस भोकात बसतच नव्हती. बोंबील तळताना दार बंद राहावं म्हणून मॉलीला ते रिबिनीनं बांधावं लागायचं, आणि तरी खालून वास हॉलमध्ये यायचा, म्हणून सुमैय्यानं फटीला टॉवेलची वळकटी लावून ठेवली होती. "विलाच भंगार आहे. एक गोष्ट धड नाही."

डाबरे थोडा वेळ त्या वळकटीकडे बघत राहिले. मग गुडघे धरत खाली बसले, टॉवेल बाजूला केला आणि हातातली नोंदवही दाराखाली सरकवली. एक बोट जाडीची ती वही सरळ स्वयंपाकघरात निघून गेली.

याच दाराखालून तीन आठवड्यांपूर्वी वर्तमानपत्राचा कागदही जात नव्हता.

४

मैमुनाबी आतल्या खोलीत पलंगावर बसून बॅग भरत होती. शेजारी एक छत्री होती. लाकडी मुठीची, काळी, मुठीवर बारीक नक्षी. डाबऱ्यांना बघून तिनं पदर सारखा केला आणि बसायला सांगितलं.

तिला काय विचारावं हे त्यांना प्रथमच सुचेना. तिनंच बोलायला सुरुवात केली. तिचा नवरा चाळीस वर्षं जहाजावर होता. सिंगापूरला बोट लागली की येताना काहीतरी आणायचा. ही छत्री शेवटची. तिथल्या धक्क्याचं तो इतकं वर्णन करायचा की तिला वाटायचं, एकदा जाऊन नुसतं उभं राहून यावं. मुलाकडे सात वेळा अबुधाबीला आली. स्वयंपाकघर बघितलं, मॉलचा सरकता जिना बघितला. आता वलीनं आपणहून तिकीट काढलं.

"अम्माला न्यायचंच, असं म्हणाला," ती म्हणाली. "न मागता मिळालं बघा, डाबरेसाहेब."

डाबऱ्यांनी घसा साफ केला. "रुहानची उंची मोजतात ती कशासाठी, माहीत आहे?"

"मुलांची मोजतात ना. वाढतोय का ते बघायला." ती हसली. "पाळण्यात बसायचंय म्हणतो. बसेल, इन्शाल्ला. मी त्याला गुपचूप दूध देते सकाळी. त्या अल्बर्टला नका सांगू."

पोर वाढलं तर हिची जागा जाणार होती, आणि वाढवत हीच होती.

उठताना त्यांनी सहज विचारलं की छत्रीचं कापड नवीन दिसतंय. शिवून घेतलंय, ती म्हणाली. मागच्या मागच्या रविवारी. तुम्ही लोक चर्चला गेला होतात, सुमैय्या पोराला घेऊन कुणाच्या वाढदिवसाला गेली होती. वलीनंच पाठवलं तिला खाली टेलरकडे, एकटीला. सात वेळा आली, पण एकटीला बाहेर सोडलेलं ते पहिल्यांदा. शिवून होईपर्यंत तिथंच बस, घाई करू नकोस, असंही म्हणाला. किती काळजी.

डाबरे खोलीबाहेर आले तेव्हा सात वाजून पाच मिनिटं झाली होती.

५

सव्वासातला त्यांनी सगळ्यांना स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावलं. अल्बर्ट लॅपटॉप घेऊनच आला. मैमुनाबीला कुणी बोलावलं नव्हतं.

"माझी झोप," डाबऱ्यांनी सुरुवात केली, "हा या केसमधला मुख्य पुरावा आहे."

अल्बर्टनं घड्याळ बघितलं.

मैमुनाबी पहाटे नमाजला उठते आणि चहा ठेवते. दार उघडलं की ते फरशीवर करकरायचं आणि त्यांची झोप मोडायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण त्यांनी ते रोज सगळ्यांना सांगितलं होतं. मागच्या मागच्या रविवारपासून ते करकरलं नाही. त्यांनी त्याचं श्रेय देवाला दिलं, हा त्यांचा गाढवपणा. त्याच रविवारपासून कडी भोकात बसत नाही. त्याच रविवारपासून बोंबलाचा वास खालून येतो. जिराफ दारावर हललेला नाही. हललंय ते दार. जिराफाला घेऊन दोन सेंटिमीटर वर गेलंय. जिराफ वर गेला, पोरगा फरशीवरच राहिला, म्हणून आखूड दिसला.

त्यांनी बिजागरीवर बोट ठेवलं. खिळ्यावर अडकवायची साधी बिजागरी. दार वर उचललं की निघतं. वरच्या आणि खालच्या, दोन्ही बिजागऱ्यांच्या मधे चकचकीत पोलादी वॉशर घातलेले होते. पाच आणि पाच. जुन्या गंजक्या बिजागरीत ते सोन्याच्या दातांसारखे दिसत होते, आणि पंधरा दिवस कुणाला दिसले नव्हते, कारण सगळ्यांचं लक्ष आकड्यांवर होतं.

"आता कुणी," डाबरे म्हणाले. "अल्बर्टनं चॉकलेट दिलं, सुमैय्यानं केस काढले, मॉलीनं पुस्तक झुकवलं." यावर तिघांनी एकमेकांकडे अशा नजरेनं बघितलं, की जणू चोर फक्त उरलेले दोघंच. "म्हणजे तिघंही सुटले. खिशात दोन सेंटिमीटर असलेला माणूस अर्ध्यासाठी हात पसरत नाही. गुरुवारी काहीच न करता उभी होती ती दोनच माणसं. मैमुनाबी, आणि फ्रिजला टेकून चहा पिणारा वली."

वली दारापासून एक पाऊल मागे सरकला.

"मैमुनाबीला हे दार उचलवेल का? बरं, उचललं असतं असं धरू. पण तिला ठाऊकच नाही की पोराच्या उंचीचा आणि तिच्या तिकिटाचा काही संबंध आहे. तुम्ही कुणी सांगितलंय तिला?"

कुणी सांगितलेलं नव्हतं. तिला बॅगांसाठी नेतायत हे सांगणंही राहून गेलं होतं.

"त्या रविवारी तीन तास हे घर रिकामं होतं. वली, घर रिकामं करायला तू आईला टेलरकडे पाठवलंस. वॉशर तुझ्या स्टोअरचे आहेत. मोजायचे असतील तर दहा कमी भरतील."

सुमैय्यानं नवऱ्याकडे असं बघितलं, की त्यानं एकदम बोलायला सुरुवात केली. अम्मालाच न्यायचं होतं. अब्बा गेल्यापासून ती त्या छत्रीला धरून बसलीय. पण सरळ म्हणालो असतो तर सुमैय्यानं वाद घातला असता, अल्बर्टभायनं शीट दाखवलं असतं. एकदा तिथं पोचलो की रुहानचे पैसे गेटवर भरले असते, कुणाला बोलताही आलं नसतं. चोरी नाही ही, अंकल. आईसाठीच केलं.

"मग दुपारी नाव तिचं का घेतलंस?"

"तोंडातून निघून गेलं," वली म्हणाला.

"वली."

मैमुनाबी आतल्या खोलीच्या दारात उभी होती. हातात छत्री होती. किती वेळ उभी होती, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. प्लायवूडच्या भिंतीतून या घरात सगळंच ऐकू जायचं. आजवर तिनं ऐकल्याचं दाखवलं नव्हतं, एवढंच.

"दार माझ्यासाठी उचललंस," ती म्हणाली. "आणि सापडल्यावर मलाच पुढं केलंस."

"अम्मा, ऐक..."

"लहानपणी पण असाच होतास. चोरलेला आंबा मला आणून द्यायचास, आणि मालक आला की मागं लपायचास." तिनं अल्बर्टकडे बघितलं. "किती माणसं न्यायची तुला? पाच?"

"पाच, आंटी. त्यात रुहान आता काउंट होतो."

"मग रुहानचं नाव घाल. वलीचं काढ."

अल्बर्टनं वलीकडे बघितलं, वलीनं सुमैय्याकडे बघितलं, आणि सुमैय्यानं घड्याळाकडे. सात पन्नास.

"वलीभाय, सॉरी हां," अल्बर्ट म्हणाला. "पण टेक्निकली गणित बसतंय." आणि त्यानं बटण दाबलं. मित्रापेक्षा शीट जुनं नसलं, तरी जास्त जवळचं होतं.

"मी काय करू मग इथं?" वलीनं विचारलं.

"डाबरेसाहेब आहेत सोबतीला," मैमुनाबी आत वळता वळता म्हणाली. "आणि त्या दाराचं काम अर्धवट राहिलंय. आणि सुमैय्या, बॅगांची काय ती सोय कर. मी धक्क्यावर जाणार आहे." तेवढ्यात रुहान मधे घुसला आणि आपल्याला ड्रॅगनमध्ये बसता येईल का, असं त्यानं इंग्रजीत विचारलं. तिला इंग्रजी येत नव्हतं. तिनं त्याच्या तुळतुळीत डोक्यावर हात ठेवला आणि हो म्हणाली.

वलीनं शनिवारी दार उतरवून वॉशर काढले. रविवारी पहाटे पाचला ते फरशीवर करकरलं आणि डाबऱ्यांची झोप मोडली. पुढं पातेल्यात दूध ओतल्याचा आवाज आला. आता तो गुपचूप नव्हता.

झोप परत यायची नाही हे कळल्यावर त्यांनी दिवा लावला आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं नोंदवहीत लिहिलं: सापडलेली वस्तू, पोलादी वॉशर, नग दहा. ठिकाण, स्वयंपाकघराचं दार. मालकाच्या रकान्यापाशी ते जरा थांबले.

मग लिहिलं: मालक माहीत आहे. मागायला येणार नाही.